नाजूक पोटाच्या छोट्या कुत्र्याला कच्च्या आहारावर कसं आणायचं

चार किलोचं पॉमेरियन किंवा शित्झू. महिन्यातून दोन-तीनदा पातळ शी, सकाळी उठल्याबरोबर पिवळा फेस, कोरड्या खाद्याचे तीन ब्रँड बदलून झाले तरी फरक शून्य. मग कुणीतरी सुचवतं, "कच्चं चिकन चालू करा." पाव किलो चिकन आणून त्याच रात्री वाटीभर दिलं जातं आणि पहाटे तीनला फरशी पुसत बसावं लागतं. बोल चिकनला लागतो, पण चूक घाईची असते. वर्षानुवर्षं एकच दाणे पचवलेल्या आतड्याला नवी चरबी, नवं प्रथिन आणि नवे जंतू एकाच रात्रीत झेपत नाहीत.

खालचा क्रम आठ ते दहा आठवड्यांचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुढची पायरी चढायची की नाही, ते शी बघून ठरवायचं. तारखा फक्त अंदाजासाठी.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच. बरेच पशुवैद्य कच्च्या आहाराच्या विरोधात आहेत. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनची २०१२ पासून तशी जाहीर भूमिका आहे. त्यांची कारणं दोन: साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय, लिस्टेरिया हे जंतू, आणि घरी जुळवलेल्या आहारात राहून जाणाऱ्या पोषणाच्या त्रुटी. दोन्ही खरी आहेत. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वयस्कर माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल, तर उकडलेल्या चिकनच्या पायरीवरच थांबा. बऱ्याच नाजूक पोटांचं तेवढ्यावर भागतं आणि मग कच्च्याचा हट्ट धरायला काही कारण उरत नाही.

आधी डॉक्टरांकडे

पातळ शीचं मूळ दर वेळी ताटात नसतं. जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी), जंत, स्वादुपिंडाची सूज, आतड्याचा जुनाट दाह ही सगळी दुखणी बाहेरून सारखीच दिसतात. शीची तपासणी करून घ्या. जिआर्डिया रोज सापडत नाही, म्हणून नमुने तीन वेगवेगळ्या दिवसांचे द्यावेत. रक्तात किडनी, लिव्हर आणि पँक्रियाटिक लायपेज बघायला सांगा. ही शेवटची चाचणी छोट्या जातींत महत्त्वाची, कारण स्वादुपिंड एकदा सुजून गेलेलं असेल तर जास्त चरबीचं एक जेवणही ते परत पेटवू शकतं.

वर्षाखालचं पिल्लू, स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलेलं कुत्रं, किडनीचा किंवा लिव्हरचा आजार असलेलं, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेलं, यांना घरच्या घरी कच्च्यावर आणू नका. पिल्लाच्या बाबतीत अडचण कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या प्रमाणाची आहे. ते बिघडलं की हाडं वाकडी वाढतात आणि पुढे सुधारतीलच असं नाही.

पोटाबरोबर कान लाल होणं, पंजे सतत चाटणं असंही चालू असेल, तर चिकनचीच ॲलर्जी असू शकते. तेव्हा खाली जिथे चिकन लिहिलंय तिथे बोकडाचं चरबी काढलेलं मटण धरा. खिशाला जड जाईल. २०१९ साली मटणाच्या दरावरून आंदोलन झालेल्या आपल्या कोल्हापुरात हे वेगळं सांगायला नको. पण चार किलोच्या कुत्र्याला दिवसाला जेमतेम २०० ग्रॅम लागतं.

सामान आणि खरेदी

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवाच. अंदाजपंचे इथे चालत नाही. वीस किलोच्या लॅब्राडोरला दहा ग्रॅम काळीज (म्हणजे कलेजी, लिव्हर) जास्त गेलं तर कळतही नाही. चार किलोच्या जिवासाठी ते अख्ख्या दिवसाचं काळीज असतं. शिवाय वेगळी सुरी, वेगळा प्लास्टिकचा कटिंग बोर्ड (लाकडी नको, चिरांमध्ये रस मुरतो), झाकणाचे छोटे डबे, बर्फाचा एक जुना ट्रे आणि एक वही.

चिकन सकाळी घ्या, दुकान नुकतंच उघडलेलं असताना. ठोकळा धुतलेला असतो, गर्दी नसते आणि सांगितलेलं ऐकायला दुकानदाराला वेळ असतो. सांगायचं ते नेमकं: "मामा, बोनलेस चेस्ट अर्धा किलो, कातडी नको. माना चार वेगळ्या बांधा. काळीज निराळ्या पिशवीत." कुत्र्यासाठी म्हटलं की उरलंसुरलं, कालचं, चरबी-कातडीचं मिळायची शक्यता असते. त्यामुळे घरात खायला घेतो तसंच घ्या, कारण सांगत बसू नका. घरी पोचेपर्यंत दोन तासांच्या आत फ्रिज, एप्रिल-मेमध्ये तासाभरात. वाटेत भाजी, दूध, चहा असली कामं आधी उरका, चिकन शेवटी.

पाकिटबंद फ्रोझन चिकन घेत असाल तर लेबल वाचा. काहींमध्ये मिठाचं पाणी भरलेलं असतं, ते नको.

परदेशी तक्त्यांत बीफ पहिल्या ओळीत असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे ते तक्ते आपल्याला तसेच्या तसे उपयोगाचे नाहीत. आपला आधार चिकन आणि बोकड. डुकराचं मांस कच्चं कधीच देऊ नका.

किती द्यायचं

इंटरनेटवर सगळीकडे एकच आकडा फिरतो: वजनाच्या दोन ते तीन टक्के. तो मोठ्या कुत्र्यांचा आणि बऱ्यापैकी चरबी असलेल्या मांसाचा आहे. छोट्या कुत्र्याला किलोमागे जास्त ऊर्जा लागते. त्यात नाजूक पोटामुळे आपण सुरुवात कातडी नसलेल्या चेस्टने करतो, आणि त्यात चरबी जवळजवळ नसतेच. तीन टक्क्यांच्या हिशेबाने चार किलोच्या कुत्र्याला १२० ग्रॅम चेस्ट दिलं तर पोटात जेमतेम १४० कॅलरी जातात. त्याला लागतात २५० च्या आसपास. महिनाभरात बरगड्या दिसायला लागतात आणि लोक म्हणतात, कच्चं मानवलं नाही.

म्हणून टक्के बाजूला ठेवा आणि कॅलरी धरा. घरात राहणाऱ्या, दोन वेळा फिरायला जाणाऱ्या, पूर्ण वाढ झालेल्या छोट्या कुत्र्याला साधारण अशा लागतात: ३ किलोला २००, ४ किलोला २५०, ६ किलोला ३५०. कोरड्या खाद्याच्या १० ग्रॅममध्ये ३५-३६ कॅलरी असतात, तेवढ्याच कातडी नसलेल्या ३० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये. यातून एक सोपा नियम निघतो: दहा ग्रॅम दाणे कमी, तीस ग्रॅम चिकन जास्त. दिवसाला ७० ग्रॅम दाणे खाणारं कुत्रं शेवटी २०० ग्रॅमच्या थोडं पुढे येऊन थांबतं. पुढे लेगपीसचं मांस, थोडी चरबी सुरू झाली की तेच १६०-१७० वर येतं.

दर रविवारी वजन करा. तुम्ही कुत्र्याला घेऊन वजनकाट्यावर, मग एकटे, वजाबाकी. काटा १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. चार किलोचं कुत्रं पंधरा दिवसांत २०० ग्रॅमने उतरलं तर अन्न कमी पडतंय.

दिवसाचं जेवण तीन भागांत द्या, शिवाय रात्री साडेदहाला दहा-पंधरा ग्रॅमचा एक घास, त्याच दिवसाच्या वाट्यातून. पहाटेचा पिवळा फेस बऱ्याचदा रिकाम्या पोटातल्या पित्ताचा असतो आणि या घासाने तो थांबतो. "आधी एक दिवस उपाशी ठेवा, पोट साफ होईल" हा सल्ला मोठ्या कुत्र्यांसाठी लिहिलेला असतो. छोट्या कुत्र्याची साखर उपासाने घसरू शकते, तेव्हा उपास नको.

पहिले तीन आठवडे: उकडलेलं चिकन

हो, कच्च्याचा लेख आणि सुरुवात उकडलेल्याने. कारण दाण्यांवरून कच्च्या चिकनवर उडी मारली तर प्रथिन, ओलावा, चरबी आणि जंतू असे चार बदल एकदम होतात. बिघडलं तर कशाने, ते कळायला मार्ग नाही. आधी फक्त प्रथिन बदलू.

चेस्टचे सुपारीएवढे तुकडे, बुडतील इतकं पाणी, मीठ-हळद काही नाही, उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं. वजन कच्चं असतानाच करा, शिजल्यावर ते घटतं. पाणी गार करून वरची चरबी काढा आणि ते चमचा-दोन चमचे वर घाला, वास लागतो.

इथे कोल्हापुरातला नेहमीचा घोटाळा. घरात मटण शिजलं की तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आधी काढलेलं अळणी (मटणाचं बिनतिखटाचं पाणी) वाटीभर कुत्र्यापुढे येतं, "यात तिखट कुठाय" म्हणून. तिखट नसतं, पण बहुतेक घरांत अळणीला कांदा-लसूण आलेलाच असतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. मोठ्या कुत्र्याला चालून जाईल इतक्या प्रमाणात छोटं आजारी पडतं. ताटातली शिजलेली नळी आणि हाडंही बंद. शिजलेलं हाड भाल्याच्या टोकासारखं तुटतं.

क्रम असा: दर तीन दिवसांनी १० ग्रॅम दाणे कमी करून ३० ग्रॅम चिकन वाढवायचं. ७० ग्रॅम दाण्यांना सात टप्पे, म्हणजे एकवीस दिवस. शी घट्ट राहिली तरच पुढचा टप्पा. सैल झाली तर मागच्या टप्प्यावर या, तिथे चार दिवस थांबा. एकवीसचे तीस दिवस झाले तरी बिघडत नाही.

दाणे आणि मांस एकाच ताटात दिलं तर विषारी होतं वगैरे काही नाही. तरी सकाळी दाणे, संध्याकाळी चिकन असं वेगळं ठेवलं तर कशाने काय होतंय हे लवकर कळतं.

दाणे निम्म्यावर आले की अंड्याच्या टरफलाची पूड सुरू करा. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. हाड नसेल तर ते टरफलातून द्यावं लागतं. टरफलं दहा मिनिटं उकळा, वाळवा, तव्यावर कोरडी भाजा आणि मिक्सरला अगदी पिठासारखी करा. बोटांत चोळल्यावर कणी लागली तर पुन्हा फिरवा. २०० ग्रॅम बिनहाडाच्या मांसाला साधारण १ ग्रॅम पूड, म्हणजे चहाचा पाव चमचा, तोही थोडा कमीच. निम्मं मांस असताना निम्मी पूड.

या तीन आठवड्यांत बाकी काही नवं नको: नवी बिस्किटं नाहीत, जंताचं औषध आणि लस शक्यतो आधी किंवा नंतर, आणि आजीच्या हातची दूध-भाकरी बंद. शेवटचं सगळ्यांत कठीण. भिंतीवर कागद लावा, घरातल्या प्रत्येकाने दिलेलं त्यावर लिहायचं.

उकडलेल्यावरून कच्च्यावर

दाणे संपून शी आठवडाभर नीट राहिली, मग हे. चेस्टचे तुकडे आता पूर्ण न शिजवता उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून काढा. बाहेरून पांढरे, आतून गुलाबी. वरचे बरेचसे जंतू मरतात आणि कुत्र्याला कच्च्याच्या चवीची सवय होते. असे तीन-चार दिवस.

त्यानंतर एका जेवणात १० ग्रॅम पूर्ण कच्चं, बाकी नेहमीचं. दोन दिवसांनी २०, मग ३०, मग एक अख्खं जेवण, मग दोन. दहा-बारा दिवस जातात. फ्रिजमधला थंडगार तुकडा देऊ नका, काही कुत्री तो तसाच उलटून टाकतात. डबा बंद करून कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. गरम पाणी नको, आणि मायक्रोवेव्ह तर नकोच.

पहिले दोन-तीन दिवस शीवर थोडा चिकट पापुद्रा दिसला आणि कुत्रं खेळतंय, खातंय, तर थांबून बघा. चौथ्या दिवशीही तसंच असेल तर एक पायरी खाली. बुडवून काढलेल्या चिकनच्या पुढे काही पोटं जात नाहीत. नाही तर नाही, त्या पायरीवर आयुष्य काढता येतं.

हाड

सगळ्यात जास्त भीती याची, आणि थोडी भीती असलेली बरी. ध्येय असं: २०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम प्रत्यक्ष हाड, म्हणजे दहा टक्के. कातडी काढलेल्या कोंबडीच्या मानेत निम्म्याहून जास्त हाड असतं, त्यामुळे दिवसाला ३०-३५ ग्रॅम मान पुरते. साधारण एक मान.

मान हातात घ्या. समोरच्या बाजूला नरड्याची मऊ नळी आणि तिच्या आजूबाजूला गुलाबी-लालसर मऊ गोळे असतात, ते ओढून काढून टाका. त्यात थायरॉइड ग्रंथी असू शकतात आणि रोज खाल्ल्याने कुत्र्याच्या रक्तातलं थायरॉइड वाढल्याची उदाहरणं आहेत. कातडी काढा, तिच्याखालचा पिवळा चरबीचा थरही. आता मान जाड पिशवीत घालून बत्त्याने ठेचा. मणके आतल्या आत चुरडून बोटाला टोक लागू नये इतकं. पहिल्या दिवशी यातलं फक्त ५ ग्रॅम मांसात मिसळा, दर दोन दिवसांनी ५ ग्रॅम वाढवा. मान वाढेल तशी टरफलाची पूड कमी करत न्या. मान ३० ग्रॅमवर आली की पूड बंद. दोन्ही एकदम पूर्ण दिलं तर बद्धकोष्ठ ठरलेलं.

आठवडा-दोन आठवडे ठेचलेली मान पचली, की मग अख्खी द्यायचा विचार. तीसुद्धा सुरुवातीला एक टोक आपल्या हातात धरून, म्हणजे चावून खावी लागते. पग आणि शित्झूसारखी चपट्या तोंडाची कुत्री न चावता गिळतात. त्यांना कायम ठेचूनच द्या, दातांसाठी दुसरे उपाय आहेत. बोकडाची नळी, गुडघा असली वजन पेलणारी हाडं छोट्या दातांना फोडतात. ती नकोत.

काळीज आणि बाकीचे अवयव

कच्च्या आहाराने "जुलाब लागले" अशा तक्रारीत काळीज हटकून असतं. त्यात अ जीवनसत्त्व आणि तांबं भरपूर, म्हणून ते लागतंच, पण फक्त पाच टक्के: २०० ग्रॅमला १० ग्रॅम. कोंबडीचं एक काळीज ३०-४० ग्रॅमचं असतं, म्हणजे एकात तीन-चार दिवस. पहिला तुकडा वाटाण्याएवढा, साधारण २ ग्रॅम. तीन दिवस तेवढाच, मग ४, मग ६. बर्फाच्या ट्रेमध्ये दहा-दहा ग्रॅमचे तुकडे गोठवून ठेवले की रोज सुरी-काट्याचा खेळ वाचतो.

आणखी पाच टक्के दुसऱ्या अवयवांतून: बोकडाचा गुर्दा किंवा तिल्ली, काळीज स्थिरावल्यावर, त्याच चालीने. हृदय आणि कोंबडीचा पोटा अवयव म्हणून मोजू नका. ते स्नायूच आहेत, मांसाच्या हिशेबात धरा.

बोकडाचे अवयव मात्र नेहमी शिजवून द्या. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात आणि फुप्फुसांत हायडॅटिड नावाच्या कृमीच्या गाठी असू शकतात, पाण्याने भरलेल्या पांढरट फुग्यांसारख्या. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, अंडी शीतून बाहेर येतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या लिव्हरमध्ये, फुप्फुसात तशाच गाठी होतात. फोपसा (फुप्फुस) तर कच्चा द्यायचाच नाही. अवयव सुरू केले की प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध किती दिवसांनी द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. वर्षातून दोनदाचा नेहमीचा डोस पुरेलच असं नाही. वजडीही साफ करायला चुना वापरला असेल तर देऊ नका.

मटण, मासे, अंडं

चिकन पूर्ण बसल्यावर, म्हणजे सातव्या-आठव्या आठवड्यात, दुसरं मांस. बोकडाचा खिमा समोर करून घ्या, चरबी काढून. कच्चा द्यायचा असेल तर आधी दहा दिवस पूर्ण गोठवा. स्नायूंतले काही परजीवी त्याने मरतात. जंतू मात्र गोठवून मरत नाहीत, फक्त झोपतात, हे डोक्यात पक्कं असू द्या.

मासे आठवड्यातून दोनदा, १५-२० ग्रॅम, वाफवून. बांगडा आणि तारली उत्तम, ओमेगा-३ साठी. कच्चे नकोत, कारण काही माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं आणि ते शिजवल्यावरच निकामी होतं. मासा कोकणातून घाट चढून येतो, त्यामुळे ताजेपणा नीट बघा: डोळे फुगीर, कल्ले लाल. शिळ्या बांगड्यात तयार होणारं हिस्टामिन शिजवूनही जात नाही. बांगड्याचे काटे काढायचे.

अंडं अर्धं, आठवड्यातून दोनदा, उकडलेलं. अख्ख्या अंड्यात ७० कॅलरी, म्हणजे चार किलोच्या कुत्र्याच्या दिवसभराच्या जेवणाचा पाव हिस्सा. लाल भोपळा उकडून एक चमचा, शी सैल असो की घट्ट, दोन्हीकडे उपयोगी.

एवढं करूनही जस्त, आयोडीन, मँगनीज, ई आणि ड जीवनसत्त्व कमीच पडतात. तीन महिन्यांहून जास्त काळ हा आहार चालणार असेल तर कोणतं पूरक किती द्यायचं ते डॉक्टरांना वही दाखवून विचारा. "सगळं नैसर्गिक आहे" म्हणून हा भाग सोडून देणारे बरेच, आणि परिणाम दिसायला वर्ष लागत असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही.

शी काय सांगते

कच्च्या आहारावर शी कमी होते, गडद आणि घट्ट होते, वास कमी येतो. एखादा दिवस झालीच नाही तरी घाबरू नका.

पांढरट, भुरभुरीत, कुंथून होणारी शी म्हणजे हाड जास्त. मान निम्मी करा, भोपळा वाढवा. काळसर आणि मऊ म्हणजे काळीज किंवा गुर्दा जास्त. पण डांबरासारखी काळी, चिकट असेल तर ते वरच्या आतड्यातलं रक्त असू शकतं, लगेच डॉक्टर. पिवळट, तेलकट चमक असलेली पातळ शी चरबीमुळे, तेव्हा कातडी राहिलीय का, लेगपीस जास्त झाला का ते बघा. जेलीसारखा थर चौथ्या दिवशीही असेल तर मोठं आतडं चिडलंय, मागची पायरी.

बिघडलं तर कच्चं, हाड, अवयव सगळं बंद. दोन दिवस उकडलेलं चेस्ट एक भाग आणि गिचका भात दोन भाग, थोडं थोडं चार-पाच वेळा. आजरा घनसाळ असो की रेशनचा, मऊ शिजला म्हणजे झालं. बिनमिठाची पेज प्यायला चालते. माणसांच्या जुलाबाच्या, तापाच्या, दुखण्याच्या गोळ्या अजिबात नाहीत.

चोवीस तासांत दोनदापेक्षा जास्त उलट्या, शीमध्ये रक्त, पाठ कमानीसारखी करून बसणं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर ठेवणं, पोटाला हात लावू न देणं, बारा तास काही न खाणं: यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. मधली दोन लक्षणं स्वादुपिंडाची आहेत आणि छोट्या कुत्र्यात प्रत्येक तास मोलाचा असतो. दवाखान्यात गेल्यावर कच्चा आहार चालू आहे हे लपवू नका. रागावतील, पण निदान लवकर होईल.

कट्टा, फ्रिज आणि वीज

दिवसाचा एक, असे २०० ग्रॅमचे चपटे पुडे करून तारीख टाकून गोठवा. उद्याचा पुडा आज रात्री फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट डब्यात. कट्ट्यावर वितळवायचं नाही. चिकन नळाखाली धुवू नका, शिंतोडे हातभर उडतात. ताट वीस मिनिटांनी उचला, उरलेलं फेका. स्टीलचं ताट गरम पाणी-साबणाने धुवा, फरशी पुसा, हात धुवा. जेवणानंतर तासभर तोंड चाटू देऊ नका, आणि बाहेरची शी पिशवीत उचला. रंकाळ्याच्या कडेला फिरवत असाल तर नक्कीच.

बर्ड फ्लूची बातमी आली की कच्चं चिकन त्याच दिवशी बंद, उकडलेलं चालू. म्हणूनच ती पायरी कुत्र्याच्या पोटाला माहीत असणं कामाला येतं.

श्रावणात बऱ्याच घरांत मांस येत नाही, आणि आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे महिन्याचा साठा त्याआधी पंधरा दिवस करून ठेवा. घरच्यांना फ्रिजमध्ये चालत नसेल तर त्या महिन्यासाठी पुन्हा दाण्यांवर जायचं, पण तेही दर तीन दिवसांनी १० ग्रॅम या चालीनेच, आणि परत येताना तसंच. वीज गेली तर भरलेला फ्रीजर दार न उघडता दोन दिवस टिकतो, अर्धा रिकामा असेल तर एक दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की साठा कमी करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काही भागांत वीज यायला किती दिवस लागले ते आठवा. मऊ पडलेला पुडा पुन्हा गोठवायचा नाही. अजून बर्फाचे कण असतील तर त्याच दिवशी उकडून वापरा, कोमट लागला तर टाकून द्या.